न उघडलेली विंच

प्रश्न असा आहे : जी वस्तू कोणी वापरत नाही, जिला ऊन-पाऊस लागत नाही, जी घरात झाकून जपून ठेवलेली आहे, ती आतून बिघडते का? आणि बिघडत असेल, तर कशाने?

विज्ञान शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली, पण हा प्रश्न मी वर्गात कधी विचारला नाही. आम्ही गंज शिकवतो. गंजाला ओल लागते, हवा लागते, असे फळ्यावर लिहितो आणि दोन्ही दूर ठेवले की वस्तू टिकते, असे मुलांकडून म्हणवून घेतो. निवृत्तीनंतर मला हा प्रश्न पडला तो आमच्या देवघराशेजारच्या कोनाड्यातील एका वस्तूमुळे. उत्तर मी शेवटी देणारच आहे. तोवर थोडे इकडेतिकडे होईल, त्याला इलाज नाही. आश्विन लागला, शिवारात सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, सुरू झाली, की माझे मन एका ओळीत चालत नाही.

त्या वस्तूचे नाव विंच. शिडाच्या होडीवर ती बसवलेली असते. तांब्याहून मोठी, कळशीहून लहान, कमरेशी किंचित बारीक, कांस्याची, उचलायला गेले तर अपेक्षेपेक्षा जड. वाऱ्याने शीड फुगले की त्याची दोरी माणसाच्या हाताला आवरत नाही. म्हणून ती दोरी विंचभोवती तीन वेढे देऊन घेतात, माथ्यावरच्या खाचेत दांडा बसवतात आणि फिरवतात. दोरी येत जाते, आणि हात थांबला तरी मागे जात नाही. मागे का जात नाही, हे यातील मर्म. ड्रमच्या आतल्या कडेला करवतीसारखे दाते असतात. त्यांच्यावर बोटाच्या पेराएवढे दोन खटके बारीक स्प्रिंगच्या जोराने टेकलेले असतात. पुढे फिरताना खटके दात्यांवरून घसरतात. उलटे फिरू लागताच दात्यात रुततात. सायकलच्या मागच्या चाकात हीच रचना असते. आमच्याकडचे सायकल दुरुस्त करणारे या खटक्यांना ‘कुत्ते’ म्हणतात, बहुधा धरले की सोडत नाहीत म्हणून. विंच फिरवताना जो टकटक आवाज येतो, तो या कुत्त्यांचा.

आमच्या रिठद गावाला समुद्र नाही, हे सांगायला नको. समुद्र आमच्या घरात आला तो गजाननमुळे. गजानन आमचा एकुलता एक मुलगा. वाशीमला फिटरचे शिक्षण घेऊन तो गोव्याकडे गेला आणि खाडीकाठच्या एका होड्या दुरुस्त करण्याच्या आवारात रमला. पहिल्यांदा होडीत बसला त्या दिवशी त्याने फोन केला होता. त्याच्या आईने विचारले, ‘‘कसं वाटते रे?’’ तो म्हणाला, ‘‘आई, पानी नाई वाटत. सारं शेतच हालून राह्यलं असं वाटते.’’ सुमनला, म्हणजे माझ्या पत्नीला, ते वाक्य इतके आवडले की सोयाबीन वाऱ्याने लवले की ती अजूनही धुऱ्यावर, बांधावर, थांबते आणि पाहत राहते.

एका वर्षी भाद्रपदात तो घरी आला. सुट्टीवर नव्हे. त्याची दोन्ही मूत्रपिंडे काम करीनाशी झाली होती. पायांवर सूज होती, चेहऱ्याचा रंग उतरला होता, आणि खांद्यावर गोणपाटात बांधलेले जड ओझे होते. मी ते घ्यायला पुढे झालो तर म्हणाला, ‘‘राहू द्या बाबा, तुमच्यानं नाई होत.’’ गोणपाट ओट्यावर सोडले तेव्हा दोन विंच बाहेर पडल्या. काळवंडलेल्या, खारट वासाच्या, एकीत कुठल्याशा दोरीचा तुटका धागा अडकलेला. एका होडीच्या मालकाने नव्या बसवल्या आणि या जुन्या त्याला देऊन टाकल्या होत्या. त्याच्या मनात एक छोटी होडी होती. स्वतःची. मोडक्या सांगाड्यापासून तो ती उभी करणार होता, आणि तिच्यासाठी सर्वांत आधी विंच मिळाल्या, याचे त्याला फार अप्रूप वाटत होते. बैलाआधी घुंगरमाळ घ्यावी तसे.

शेजारचे देवराव दुसऱ्या दिवशी सकाळी आले. विंचला पायाने हलवून पाहू लागले.

‘‘काय रे गज्या, उखळ आणलं का गोव्याहून?’’

‘‘व्हय काका. समुद्रातले लोकं याच्यात चटणी कुटतात.’’

‘‘मंग मुसळ कुठी हाय?’’

गजाननने दांडा दाखवला. देवराव हसले, पण त्यांचे समाधान झाले नाही. या एवढ्याशा भांड्याने ताकद वाढते, हे त्यांना पटत नव्हते. तेव्हा गजाननने जे केले, ते मी वर्गात तरफ आणि चाक शिकवताना कधीच केले नव्हते. त्याने विंच बाभळीच्या फळीवर बोल्टांनी घट्ट बसवली, फळी अंगणातल्या निंबाला साखळीने आवळली, आणि देवरावांची उडदाने भरलेली बैलबंडी रस्त्यावर उभी होती तिच्या जुवाला दोर बांधला. बैल सोडलेले होते. दोराचे तीन वेढे विंचला दिले आणि मोकळे टोक आईच्या हातात दिले.

‘‘आई, तू फक्त शेपूट धर. ओढू नको. दोर ढिला पडला की तेवढा घे, बस.’’

‘‘मी बंडी ओढू? येडा झाला का रे?’’

‘‘तू नाई, हे ओढते. तू नुसतं धरून ठेव.’’

ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना ज्याला मध्ये बसावे लागे, तो माझा मुलगा एका हाताने दांडा फिरवू लागला. टक, टक, टक. दोर ताणला. निंबाचे साल चरचरले. आणि बंडी हलली. हळूहळू, जणू स्वतःच्या विचाराने, ती अंगणात आली. गल्लीतली माणसे जमली होती; कोणी शिटी मारली. देवराव म्हणाले, ‘‘बाप्पा! बैलं विकून टाकतो आता.’’ गजानन दांड्यावर कपाळ टेकून हसत होता. दम लागला होता, तरीही हसत होता. हात सुटला, तरी बंडी तसूभरही मागे गेली नाही. ‘‘पाहा,’’ तो म्हणाला, ‘‘माणूस थकला तरी चालते. हे धरून ठेवते.’’

सुमनने मात्र दोराचे टोक सोडले नव्हते. बंडी अंगणात उभी राहिली, माणसे पांगली, तरी ती ते दोन्ही मुठींत धरून उभी होती. ‘‘सोड ना आई,’’ असे त्याला म्हणावे लागले.

त्या महिन्यात मी शिष्य झालो आणि तो गुरुजी. एक विंच तो स्वतः उघडणार होता. दुसरी माझ्याकडून उघडून घेणार होता. ओट्यावर पांढरे धोतर अंथरले, त्यावर परात ठेवली. माथ्याची कडी काढायची, ड्रम सरळ वर उचलायचा, तिरपा करायचा नाही. आतून बारीक रोळ्यांचे, म्हणजे रोलर बेअरिंगचे, पिंजरे निघतात, मग दात्यांची चाके, मग आस. निघेल तो भाग परातीत डावीकडून उजवीकडे मांडायचा, म्हणजे परत बसवताना उजवीकडून डावीकडे यायचे. मी घाई केली की तो म्हणे, ‘‘बाबा, आधी पाह्यचं, मंग हात लावायचा.’’ हे वाक्य मी प्रयोगशाळेत उच्चारत असे. ते त्याने माझ्याच शब्दांत, माझ्याच सुरात मला परत दिले आणि मिशीत हसला.

खटक्यांमागच्या स्प्रिंग केसाएवढ्या तारेच्या असतात आणि संधी मिळताच उडतात. माझी उडाली. आम्ही तिघेही ओट्यावर रांगत राहिलो. ती सापडली सुमनने सुपात निवडायला घेतलेल्या तुरीच्या डाळीत. ‘‘हे पाहा, तुमचा खडा,’’ ती म्हणाली, ‘‘म्या फेकूनच देऊन राह्यली होती.’’

वंगणाचा धडा त्याने दोनदा सांगितला, म्हणून मीही येथे नीट सांगतो. चाकांना आणि रोळ्यांना ग्रीस लावायचे, तेही बोटाने पुसट, भाकरीला तेल फिरवावे इतकेच. खटक्यांना ग्रीस मुळीच लावायचे नाही. त्यांना शिलाई मशीनचे पातळ तेल, एक थेंब. आमच्या भागात वंगण म्हणजे उदारपणा. बंडीच्या आसाला माणूस ओंजळीने वंगण थापतो आणि आपण बैलांवर उपकार केला असे समजतो. मीही तेच करणार होतो. त्याने माझा हात धरला. ‘‘कुत्त्यायले ग्रीस लावलं की ते झोपतात, बाबा. घट्ट झालं की उठतच नाई. मंग शीड भरलं असते, दोर उलटा सुटते, आन् दांडा येऊन तोंडावर बसते.’’

आठवड्यातून दोनदा आम्ही अकोल्याला जात होतो. रक्त यंत्रातून काढून धुऊन परत शरीरात सोडतात. वाशीमहून गाडी पकडायची, परतीला तो खिडकीशी बसायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. पाणी मोजून प्यायचे होते. सुमन त्याच्यासाठी वाटीत बर्फाचा खडा ठेवी, तो जिभेवर धरून तो होडीच्या गोष्टी सांगे. त्या दिवसांत त्याची नजरही अंधुक झाली होती. अक्षरे दोन दिसतात म्हणे. तरी विंचचे भाग तो बोटांनी ओळखी. एकदा परतीच्या गाडीत मी त्याला विचारले, रक्त धुणे आणि विंच धुणे यात साम्य आहे का? मला उगीच काहीतरी बोलायचे होते. तो डोळे न उघडता म्हणाला, ‘‘नाई बाबा. विंच धुतली की वर्षभर चालते.’’

खंडेनवमीच्या सकाळी दोन्ही विंच धुऊन, सारे भाग दोन परातींत वाळत ठेवलेले होते. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. विळे, कुऱ्हाड, वखराची पास, माझे कंपास-गुण्या, सगळे पाटावर येते. आम्ही बापलेक आत चहा घेत होतो. बाहेर येऊन पाहतो तर सुमन पूजेचे ताट घेऊन परातींशी बसलेली, आणि प्रत्येक भागावर, प्रत्येक चाकावर, रोळ्यांच्या पिंजऱ्यांवर, चारही कुत्त्यांवर, ओल्या हळदकुंकवाचे एकेक बोट. वर झेंडूच्या पाकळ्या.

‘‘आई! कुत्त्यायले कुंकू लावलं तू?’’

‘‘मंग? हत्यारं नाई का हे?’’

‘‘हत्यारं हायेत, पण…’’

‘‘पण काय? इळ्याले लावते, कुदळीले लावते. तुह्या पोटापाण्याचं हाय ते. त्याले काहून नाई लावायचं?’’

गजाननला इतके हसू आले की त्याला खोकला लागला. मग तो म्हणाला, ‘‘बरं लावलं. संध्याकाळपर्यंत राहू दे. मंग पुसतो.’’ संध्याकाळी मी माझी परात पुसली, त्याने त्याची. एकेक भाग कापडाने टिपून, वंगण लावून, आपापली विंच आम्ही बंद केली. त्याची आधी झाली. त्याने ती फिरवली, कान लावला, आणि आईकडे सरकवून म्हणाला, ‘‘आईक.’’

कार्तिकात तो गेला.

याहून अधिक मला त्याविषयी लिहिता येत नाही, आणि या लेखाच्या प्रश्नाशी त्याचा संबंधही नाही.

त्यानंतर विंच कोनाड्यात आल्या. माझी मी दर खंडेनवमीला उघडतो, धुतो, तेल देतो, बंद करतो. मला शिकवलेला तो शेवटचा पाठ आहे आणि उजळणी केल्याशिवाय पाठ राहत नाही. त्याची मात्र कधी उघडली नाही. पहिल्या वर्षी मी तिच्या कडीला हात लावला, तेव्हा सुमन स्वयंपाकघरातून आली आणि दारात उभी राहिली. ‘‘त्याले नाई,’’ ती म्हणाली. ‘‘ते त्यानं बंद केलं. त्याच्या हातचं हाय आत.’’ मी हात काढून घेतला.

पण तिने ती नुसती ठेवली नाही. सांजेला दिवा लावला की ती उदबत्ती ओवाळते, मग कोनाड्याशी जाते आणि डाव्या हाताने बूड धरून उजव्या हाताने त्याच्या विंचचा ड्रम एकदा पूर्ण फिरवते. टकटकटकटक. एक फेरा. मग पदराने ती पुसते आणि भाकरी टाकायला जाते. यावर आम्ही कधी बोललो नाही. मी वर्तमानपत्र वाचत असलो तर त्या वेळी पान उलटत नाही, इतकेच.

या वर्षी वैशाखात कोनाड्याची पत्र्याखालची खोली फार तापली. आश्विन आला, गावाबाहेर मळणीयंत्रे घरघरू लागली, सोयाबीनची बारीक पिवळट धूळ नेहमीप्रमाणे दारे लावली तरी आत येऊन भांड्यांवर बसली. एका सांजेला दिवा लागला, उदबत्ती झाली, आणि मग काहीच ऐकू आले नाही. मी वर पाहिले. सुमन ड्रम फिरवत होती. तो फिरत होता, पण मुक्याने.

‘‘अवो,’’ ती म्हणाली, ‘‘हे बोलून नाई राह्यलं.’’

मी फिरवून पाहिला. एखादा टक, मग नुसती घसर. उलटा फिरवला, तर उलटाही फिरला. खटके झोपले होते. कारण मला ठाऊक होते, उपायही ठाऊक होता, आणि तो उच्चारणे मला शक्य नव्हते. आवाज परत हवा असेल तर ती उघडावी लागेल. उघडली तर त्याच्या हातचे जे आत आहे, ते धुऊन टाकावे लागेल. दोन्ही गोष्टी तिला हव्या होत्या आणि त्यांतील एकच मिळण्यासारखी होती.

चार दिवस ती रोज ड्रम फिरवून पाहत राहिली. मग स्वतःच म्हणाली, ‘‘सलीमभाईकडे नेऊ. वरतून तेल सोडते तो.’’ सलीमभाईंचे वाशीमला सायकलींचे जुने दुकान आहे. आमच्या घरातील तीन पिढ्यांच्या सायकली त्यांच्या हाताखालून गेल्या. सुमनने विंच जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बसली. कंडक्टर तिकीट देताना म्हणाला, ‘‘काकू, खाली ठेवा ना ते. भारी दिसून राह्यलं.’’

‘‘नाई, बरं हाय.’’

‘‘काय हाय, तुपाची बरणी?’’

‘‘व्हय,’’ ती म्हणाली.

सलीमभाईंनी दुकानाच्या फळीवर विंच ठेवली, फिरवली, कान लावला. मग सायकलच्या तेलाची लांब नळी माथ्याच्या भोकातून आत घातली आणि दोन थेंब सोडले. फिरवली. टक. टक. टक. सुमनचा हात तिच्याच तोंडाकडे गेला. आणखी अर्धा फेरा झाला आणि आवाज पुन्हा बुडाला. सलीमभाईंनी दोनदा, तीनदा करून पाहिले. मग चष्मा कपाळावर चढवला.

‘‘भाभी, कुत्ता चिपक गया है. उपर से नहीं होता. खोलनाच पडेगा.’’

‘‘खोलायचं नाई ते.’’

‘‘तो फिर रहने दो ऐसाच. शो में अच्छा दिखता.’’

त्यांना काही ठाऊक नव्हते, म्हणून ते सहज बोलले. सुमनने विंच पुन्हा लुगड्यात गुंडाळली. परतीच्या प्रवासात ती खिडकीबाहेर पाहत होती. सोंगलेल्या सोयाबीनचे ढीग, उघडी काळी जमीन, मधूनमधून तुरीचे हिरवे पट्टे. रिठदचा फाटा आला तेव्हा ती बसमधून उतरता उतरता म्हणाली, ‘‘खंडेनवमीले उघडू.’’ मी नुसते ‘हो’ म्हटले. अधिक बोललो असतो तर तिने शब्द फिरवला असता.

तेच धोतर अंथरले. तीच परात घेतली. धुवायला रॉकेल आता मिळत नाही. देवरावांनी ट्रॅक्टरमधले डिझेल वाटीभर दिले, आणि कशासाठी ते विचारले नाही. मी कडी काढली. ‘‘सरळ उचला,’’ सुमन म्हणाली. तिने तो धडा ओट्यावर बसून ऐकला होता आणि तो तिच्या लक्षात होता. मी ड्रम सरळ वर उचलला.

आतले ग्रीस काळपट-मधासारखे झाले होते. उन्हाळ्यात पातळ होऊन ते चाकांवरून ओघळले होते आणि थंडीत जिथे पोहोचले तिथे गोठले होते. कडेने सोयाबीनची धूळ आत शिरून त्यात मुरली होती. हे सारे अपेक्षित होते. अपेक्षित नव्हते ते असे : मोठ्या चाकाच्या पाठीवर, जिथे ओघळ पोहोचला नव्हता, ग्रीसच्या पुसट थरात एक बोट उमटलेले होते. बोटाच्या रेषा स्पष्ट होत्या, गोलात गोल, विहिरीच्या कड्यांसारख्या. भाकरीला तेल फिरवावे तसे बोट फिरले होते आणि शेवटी जिथे थांबले तिथे राहिले होते.

‘‘त्याचंच व्हय ना?’’ सुमनने विचारले. ‘‘तुमचं नसन?’’

‘‘मी या विंचला हात लावलेला नाही.’’

ती वाकली. श्वास लागू नये म्हणून तिने पदर तोंडावर धरला. बराच वेळ पाहिले. मग मला दुसरीकडे बोट दाखवले. दोन कुत्त्यांपैकी एक नुसताच ग्रीसने जड झाला होता. दुसऱ्याच्या पाठीवर लाल ठिपका होता. त्या खंडेनवमीचे कुंकू. तेल पिऊन, वाळून, दगडासारखे होऊन त्याने खटका त्याच्या खोबणीला चिकटवून टाकला होता.

गजाननने बाकी सारे भाग पुसले होते. एकाही चाकावर, एकाही पिंजऱ्यावर लाल रेघ नव्हती. हा एवढा एक राहिला. त्याची नजर अंधुक झाली होती, म्हणून तो राहून गेला असेल. किंवा आईचा टिळा आत असावा म्हणून त्याने तो राखला असेल, बिघडेल हे ठाऊक असूनही. मी दोन्ही शक्यता पुष्कळ तपासल्या. निर्णय करण्याजोगा पुरावा माझ्यापाशी नाही, आणि ज्याला विचारावे तो नाही.

‘‘म्या लावलं ते,’’ सुमन म्हणाली. ‘‘मह्याच बोटाचं हाय.’’

ब्रश तिच्या बाजूला होता. तिने तो उचलला, वाटीत बुडवला, आणि आधी कुत्ता घासला. लाल रंग डिझेलमध्ये धाग्यासारखा उतरला आणि नाहीसा झाला. मग तिने मोठे चाक हातात घेतले. ते तिने वाटीत सोडले नाही. कडेने दोन्ही हातांत धरून बसली. उन्हे ओट्यावरून अंगणात सरकली. गल्लीत कोणाच्या तरी ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा बांधत होते, पोरे ओरडत होती. मी मान खाली घालून रोळे पुसत राहिलो. नंतर पाण्यासारखा बारीक आवाज झाला. पाहिले तर चाक वाटीत होते आणि ती ते खालीवर घासत होती, दिवाळीची पितळी भांडी घासावीत तशी, जोर लावून.

मी भाग वाळवले. चाकांना ग्रीस लावले, माझ्या बोटाने. कुत्त्यांना तेलाचा एकेक थेंब दिला. उजवीकडून डावीकडे बसवत गेलो. पूजेचे ताट शेजारी होते. सुमनचे बोट सवयीने कुंकवाच्या कोयरीत गेले, विंचच्या उघड्या तोंडाकडे आले, आणि हवेत थांबले. मी ड्रम बसवून कडी लावली. मग तिने ते बोट ड्रमवर, बाहेरून टेकवले.

‘‘फिरव,’’ मी म्हणालो.

तिने फिरवली. टकटकटकटक. स्वच्छ, मोकळा, खणखणीत आवाज. उलटी फिरवली तर जागीच अडली. काम अगदी निर्दोष झाले होते. मला वाटले, तिला रडू येईल. तिने कान लावला, आणखी एक फेरा दिला, मग कोनाड्यातून माझी विंच खाली घेतली आणि तीही फिरवली. पुन्हा त्याची. पुन्हा माझी. डोळे मिटून मीही ऐकले. दोन्ही आवाज सारखे होते. कोणती कोणाची, हे आता ऐकून सांगता येत नव्हते.

‘‘हा त्याचा नाई,’’ ती म्हणाली. ‘‘हा तुमचा हाय.’’

खरे होते. जो आवाज ती इतकी वर्षे सांजेला ऐकत आली, त्यात थोडे जाड ग्रीस होते, धूळ होती, आणि एका कुत्त्याच्या पाठीवरचे कुंकू होते. तो आवाज किंचित जड होता. दर वर्षी थोडा आणखी जड होत गेला असेल. आपल्याला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. सांजेला सोने वाटून झाले, दिवा लागला, उदबत्ती झाली. मी वर्तमानपत्र खाली ठेवले. सुमन कोनाड्याशी गेली. थोडा वेळ नुसतीच उभी होती. मग डाव्या हाताने बूड धरले आणि एक फेरा दिला. ऐकला. पदराने विंच पुसली आणि भाकरी टाकायला गेली. तव्यावर पहिली भाकरी पडल्याचा आवाज आला, तेव्हा मी वर्तमानपत्र पुन्हा उचलले.

आता उत्तर. होय, न वापरता जपून ठेवलेली वस्तू आतून बिघडते. कारण वंगण स्थिर राहत नाही. उन्हाने ओघळते, थंडीने गोठते, धूळ धरते, आणि जे जिथे नको तिथे लावलेले असते ते कालांतराने दगड होते. ती उघडून धुतली तर पुन्हा चालते. मात्र धुतल्यानंतर जी चालते ती तीच वस्तू असते का, याचे उत्तर मला देता आलेले नाही. शिवाय माझे निरीक्षण एकाच विंचवरचे आहे, आणि तुलनेसाठी घेतलेली दुसरी विंच रोज फिरवली जात नव्हती. म्हणजे दोहोंची परिस्थिती समान नव्हती. एवढ्यावरून नियम मांडणे मी माझ्या विद्यार्थ्यांना करू दिले नसते.

म्हणून विनंती एवढीच की मी म्हणतो म्हणून मानू नये. आपल्याकडे कोणाची तरी बंद ठेवलेली सायकल असेल, शिलाई मशीन असेल. तिचे चाक हाताने एकदा फिरवावे, कान लावून ऐकावे, आणि आपण स्वतः तपासून पाहावे.